विहिरीचं पाणी गोड आहे

गमबुटाच्या डाव्या पायात एक दुर्बिणीसारखी नळी. मधोमध रबरी मूठ, एका टोकाला झाकण, दुसऱ्या टोकाला डोळा लावायची जागा. दोन वर्षं ती घरच्या कपाटात, साड्यांखाली पडून होती.

•

दूधमाशाचं पिल्लू येतं तेव्हा नखाएवढं असतं. आरपार. पांढऱ्या टोपात घेतलं तर दिसतात ते फक्त तीन काळे ठिपके : दोन डोळे आणि एक पोट. बाकीचा मासा अजून व्हायचा असतो.

•

"भात गिचका." "रस्सा का पाणी?" "हे अंडं उकडलंस, का नुसतं उन्हात ठेवलं होतंस?" "मीठ जास्त." "मीठ कमी." "मीठ बरोबर आहे, पण उशिरा घातलंस."

शेवटचं खरंच म्हणाले होते. एकतीस वर्षांत माझी बोलती बंद झाली ती तेवढ्या एका वेळी.

•

तळ्यावरच्या झोपडीच्या खिडकीत पाच बाटल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर पेनाने : "लंबू, मोठं तळं". "लंबू, नवं". "कोपरा". "कोपरा, पावसानंतर". पाचवीवरची शाई पुसलेली.

•

तळ्यावर हात धुताना साबणाला फेस येत नाही. साबण बदलला. तरी नाही.

•

ताप चार दिवस होता.

•

भरतीचं पाणी पिल्लांच्या तळ्यात लवकर पोचावं म्हणून यंदा एक नवा चर खणला. तो विहिरीपासून वीस पावलांवरून जातो.

•

एकवीस दिवस त्यांनी माझ्या हातच्या जेवणाला नावं ठेवली नाहीत.

•

या एकवीस दिवसांपासूनच सुरुवात करते, कारण मला ते फार आवडले होते.

आमचं तळं लहान आहे. एक मोठं तळं, त्याला लागून पिल्लांचं छोटं तळं, दोन्हींच्या मध्ये बांध, बांधावर झोपडी, झोपडीमागे विहीर. खाडीकडे एक लाकडी दार. भरतीला दार उचलायचं, हवं तेवढं पाणी घ्यायचं, दार पाडायचं. बाकी वर्षभर काय करतो असं कुणी विचारलं तर मी सांगते, शेवाळ पिकवतो. तळं आटवून तळ उन्हात फुटेस्तोवर वाळवायचा, कोंबडीखत पसरायचं, वीतभर पाणी सोडायचं. आठवड्याभरात तळावर शेवाळाची साय धरते. दूधमासा ती साय खाऊन वाढतो. त्याला दात नाहीत, भांडण नाही. आमच्या घरात त्याच्याइतकं गरीब कुणीच नाही.

आणि मीठ. सगळं मिठावर आहे. उन्हाने पाणी उडतं, मीठ उरतं, तळं खारट होत जातं. पाऊस पडला की अळणी. दार कधी उघडायचं, किती वेळ, हे त्यावर ठरतं. माझे यजमान ते जिभेने ओळखायचे. ओंजळीत पाणी घ्यायचं, तोंडात फिरवायचं, थुंकायचं आणि आकडा सांगायचा. लिटरला पंचवीस ग्रॅम. लिटरला बत्तीस. समुद्र पस्तीस असतो. लेक एकदा शिकायच्या ठिकाणाहून यंत्र घेऊन आली आणि पाच बाटल्यांवर बापाची परीक्षा घेतली. एकाही बाटलीत दोनच्या वर चूक नाही. तेव्हापासून आजूबाजूचे तळेवाले त्यांना मीठमास्तर म्हणतात आणि बाटल्या आणून देतात.

ते यंत्र लेकीने इथेच ठेवलं. "बाबा, असू दे, कधी लागलं तर."

"मला काचेची जीभ नको," ते म्हणाले होते. "माझी हाडाची नसली तरी चालू आहे."

मग ते कपाटात गेलं.

तापानंतर मी दोन दिवस मऊ भात दिला. माणसाच्या तोंडाची चव तापात जाते, हे काय नवीन नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "तोंडाला चव आली का?" म्हणाले, "आली." मग मी नेहमीचा स्वयंपाक केला. ताट चाटूनपुसून रिकामं. दुसऱ्या दिवशीही. मी आपली वाट बघत होते, की आता येईल, मीठ कमी, मीठ जास्त. काही नाही. भात करपला त्या दिवशीही काही नाही.

लेकीला फोनवर सांगितलं, "तुझे बाबा सुधारले."

"आजारी आहेत का?" ती म्हणाली.

"गप गं. वय झालं की माणूस मऊ होतो."

मला वाटलं, तापात मी उशाशी बसले होते, त्याची जाण ठेवली असेल. या वयात हे वाटून घेणं बरं नव्हे, पण वाटलं. मी आरशासमोर थोडी जास्त वेळ थांबायला लागले. हेही सांगून टाकते.

•

पिल्लं आली तो दिवस. सकाळचे नऊ.

पिल्लं येण्याआधी चार दिवस, ती जिथून येतात त्या केंद्राला आकडा कळवायचा असतो, आमच्या तळ्यात मीठ किती आहे ते. मग तिथले लोक पिल्लांचं पाणी रोज थोडं थोडं बदलून त्या आकड्यावर आणतात, म्हणजे इथे आल्यावर पिल्लांना धक्का बसत नाही. आमच्याकडून आकडा गेला होता वीस.

टेंपो बांधापर्यंत आला. हवा भरलेल्या पाच फुगीर पिशव्या, प्रत्येकीत दोन हजार पिल्लं. पिशव्या तशाच बांधलेल्या, छोट्या तळ्यात तरंगत सोडल्या. आतलं आणि बाहेरचं पाणी एकसारखं गरम-गार व्हायला अर्धा तास लागतो. वर्षभरात आम्हाला एवढीच पिल्लं मिळतात. ही गेली तर पुढची साय कोण खाणार, तर कुणी नाही.

लंबू भाऊजी आले होते. पलीकडच्या तळ्याचे मालक, यांचे शाळेपासूनचे मित्र, उंची माझ्या कानापर्यंत. तीन दिवसांपूर्वी त्यांच्याही तळ्याचा आकडा इथूनच गेला होता आणि त्यांची पिल्लं उद्या यायची होती. ते आमची बघायला आले होते.

"वहिनी, डब्यात काय आहे?"

"तुम्हाला नाही."

"विचारलं फक्त. मीठमास्तर काय म्हणतो आजकाल, चालतं का तुमच्या हातचं?"

"एकवीस दिवस झाले, एक शब्द नाही."

"अरे देवा! डॉक्टरला दाखवा." टेंपोवाला हसला. मीही हसले.

ऊन तापलं होतं. डबा ठेवायला झोपडीत गेले. घरून येताना मी नेहमी बाटली आणते, त्या दिवशी विसरले. कोपऱ्यात विहिरीचा हंडा होता, त्यावर तांब्या पालथा. या विहिरीचं पाणी म्हणजे यांच्या अभिमानाची गोष्ट. चारी बाजूंनी खारं, आणि मध्ये हे गोड. पाणी गोड लागलं म्हणूनच तळं इथे घेतलं, हे त्यांनी मला लग्नाआधी सांगितलं होतं. दुसरं काही सांगायला सुचलं नसावं.

मी तांब्या भरून घेतला आणि मोठा घोट घेतला.

तोंडातून तो परत तांब्यात आला.

•

त्या क्षणी मला काय काय आठवलं, त्याचा क्रम असा नव्हता, पण लिहायचं तर असं : करपलेला भात. साबण. "हल्ली तहान फार लागते गं." बाटल्या आणणाऱ्यांना म्हणायचे, ठेवून जा, दुपारी सांगतो, पूर्वी समोर चाखून समोर सांगायचे. कपाटात साड्या विस्कटलेल्या. सकाळी मी गमबूट उन्हात ठेवायला उलटा केला, आतून काचेची नळी पडली, मी म्हटलं, हे इथे कसं, आणि ती पुन्हा आत सरकवून दिली.

आरशासमोरची मी.

•

"अहो, जरा आत या."

"पिशव्या सुटायच्यात."

"आधी आत या."

आले. मी तांब्या ओतून नवा भरला आणि पुढे केला. त्यांनी अर्धा तांब्या एका दमात संपवला. मिशी पुसली.

"कसं आहे?"

"काय कसं आहे? पाणी आहे."

"गोड आहे?"

"या विहिरीचं पाणी गोडच आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तांब्यात. मग बोट बुडवून जिभेवर लावलं, जसं लहान मूल लावतं. मी एकतीस वर्षं त्यांना पाणी चाखताना बघत आले आहे. डोळे मिटतात, कपाळावर एक आठी येते. आज डोळे उघडेच होते.

"खारट आहे?" त्यांनी हळू विचारलं.

"चांगलंच."

"मला कळत नाही." मग म्हणाले, "काहीच कळत नाही. तुझा रस्सा आणि ओला पुठ्ठा सारखाच लागतो."

दुसरा कुठला दिवस असता तर मी या वाक्याचं सोनं केलं असतं.

"मग आकडे?"

"त्या काचेने बघतो. डोळा लावला की वर निळं दिसतं, खाली पांढरं. मधली रेघ जिथे पडते तो आकडा. सोपं आहे. वीस दाखवत होती. मला पण वाटलं, एवढ्या उन्हात वीस? पण म्हटलं, माणूस चुकेल, काच कशाला खोटं बोलेल."

"ती आधी शून्यावर लावायची असते ना? लेक सांगत होती. गोड्या पाण्याचा थेंब टाकून..."

"लावली की. रोज लावतो." त्यांनी हंड्याकडे बोट केलं. बोट तसंच राहिलं.

काचेला खोटं बोलता येत नाही, पण खोटं शिकवता येतं. चराचं खारं पाणी विहिरीत झिरपलं होतं, आणि काचेला रोज सांगितलं जात होतं की हे खारं म्हणजे शून्य. जेवढं विहिरीत मीठ, तेवढं प्रत्येक आकड्यात कमी. आणि विहीर बिघडली हे गावातल्या कुत्र्याआधी ज्या माणसाला कळलं असतं, तो माणूस ते पाणी तांब्याने पीत होता.

बाहेरून लंबू भाऊजींचा आवाज : "काय रे, राजाराणीचं झालं का? मी एक पिशवी सोडली रे, किती वाट बघायची!"

•

ते धावले. साठीला आलेला माणूस, पायात एकच गमबूट, डावा अजून उन्हात.

सुटलेल्या पिशवीतली पिल्लं काठाजवळच होती. चांगली पिल्लं पाण्यात पडली की लगेच कळप करतात, एका दिशेने निघतात. ही विखुरली होती. काही जागच्या जागी गिरक्या घेत होती. मग एक एक, काचेसारखं अंग दुधाळ व्हायला लागलं. आरपार मासा दिसायला लागला की समजायचं, गेला. तीन ठिपक्यांच्या भोवती पहिल्यांदा अंग दिसतं ते तेव्हा.

"काय झालं रे?" लंबू भाऊजींचा हात दुसऱ्या पिशवीच्या गाठीवर होता. "पिल्लं रोगट दिली का यांनी?"

टेंपोवाला उसळला. "ओ काका, सकाळी सहाला भरलीत. मी स्वतः बघितलीत. उगाच आमच्यावर ढकलू नका."

मी मागे पोचले होते. मी हळूच म्हटलं, "सांगा की पाणी तापलंय म्हणून. वरचं पाणी तापतं उन्हात. चालतं तेवढं." मी खरंच म्हटलं. मला त्यांचं नाव वाचवायचं होतं, आणि थोडं माझंही, कारण मीठमास्तराच्या बायकोलाही बाजारात दोन लोक वाट करून देतात.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी रश्श्यात साखर घातली.

"लंब्या, गाठ सोड. म्हणजे सोडू नकोस, हात काढ. माझी जीभ गेलीय."

"कुठे?" लंबू भाऊजी हसायला लागले.

"तापात गेली. परत आली नाही. तीन आठवडे मी काचेत बघून आकडे देतोय आणि काचही चुकीची लावली होती. तुझा आकडाही चुकीचा आहे. केंद्राला आत्ता फोन कर. तुझी पिल्लं निघायला नकोत."

लंबू भाऊजींचं हसू लगेच गेलं नाही, चेहऱ्यावर तसंच विसरून राहिलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला, थोडे लांब गेले, बोलले, परत आले.

"तीन आठवडे?" ते म्हणाले. "माझ्याशीसुद्धा खोटं?"

"तुझ्याशी तर आधी."

"गाढवा," लंबू भाऊजी म्हणाले. एवढंच. आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले, उरलेल्या चार पिशव्या काठाला आणायला.

•

लेक, फोनवर : "विकतचं पाणी आहे का कुणाकडे? बाटलीतलं? त्याचा एक थेंब टाका. झाकण लावा. उजेडाकडे धरा. वरचा छोटा स्क्रू फिरवा, रेघ शून्यावर येईपर्यंत. आली? आता तळ्याचं बघा. किती?"

मी : "तीस."

लेक : "आणि विहिरीचं?"

मी : "दहा."

लेक : "आई, बाबा ते पीत होते?"

मी : "ठेवते आता, काम आहे."

बाटली टेंपोवाल्याची होती. अर्धी प्यायलेली.

•

पिशवीतलं पाणी वीस, तळ्यातलं तीस. मधलं अंतर पिल्लांना पायरी पायरीने चढवायचं होतं. चार पिशव्या चार टबांत ओतल्या, टब झोपडीच्या सावलीत. प्रत्येक टबात दर दहा मिनिटांनी तळ्याच्या पाण्याचा एक तांब्या, काठाकाठाने, धार न पाडता. तेच तांबे, तेच पाणी, दुपारपर्यंत.

सुरुवातीला आम्ही प्रत्येक वेळी काच लावून बघत होतो. उन्हाने यांच्या डोळ्याला पाणी यायचं, मग रेघ दिसेना. तिसऱ्या खेपेला ते वैतागले. माझ्यापुढे ओंजळ धरली.

"घे."

"मी?"

"मग काय लंब्या? त्याला चहात साखर आहे का नाही ते कळत नाही."

"ऐकू येतंय मला," टबामागून लंबू भाऊजी.

मी घोट घेतला. तोंडात फिरवला. डोळे आपोआप मिटले. रश्श्यात मीठ घालताना मी करते तसंच होतं ते, फक्त इथे कढई नव्हती. एकतीस वर्षं एका माणसाच्या जिभेला पटेल असं मीठ शोधत मी रोज दोन वेळा चमचा तोंडात घातला होता.

"चोवीस," मी म्हटलं.

त्यांनी काच लावली. बराच वेळ डोळा काढला नाही.

"किती?"

"चोवीस."

पुढच्या टबाला मी पंचवीस म्हटलं, काच म्हणाली सव्वीस. त्याच्या पुढच्याला बरोबर. लंबू भाऊजींनी काच हातात घेतली आणि उगाच फुंकर मारून पुसली. यांनी मला विचारलं, रागाने की कशाने ते कळलं नाही, "तुला हे आधीपासून येतं?"

"काय माहीत. मला कधी कुणी बाटली आणून दिली नाही."

ते टबाशी उकिडवे बसले. मिठाचं मी सांगत होते, पिल्लांचं ते. जीभ गेली होती, डोळे होते. "यांना घाई करू नको, ही बाजूची गोल फिरेनात." "ही बघ, लागली फिरायला, हिला दे आता." निरोगी पिल्लं टबाच्या कडेने गोल फिरतात, सगळी एकाच दिशेने, जणू कुठेतरी पोचायचंय. एकदा त्यांनी तांब्या धरलेला माझा हात मनगटाशी धरून थांबवला आणि थोड्या वेळाने सोडला. बरोबर होतं त्यांचं. त्या टबाला थांबायला हवं होतं.

चारच्या सुमाराला चारही टब तीसच्या जवळ आले. टब पाण्यात टेकवून तिरपे केले. पिल्लं आपणहून बाहेर पडली, थोडी घुटमळली, आणि कळप करून बांधाच्या कडेने निघाली. पहिल्या पिशवीतलीही थोडी वाचली असावीत. त्यांना वेगळं ओळखता येत नाही.

विहिरीवर लंबू भाऊजींनी फळी टाकली आणि वर दगड ठेवला. निघताना खिडकीतल्या आपल्या दोन बाटल्या उचलल्या. बांधापर्यंत गेले, थांबले, परत आले, आणि त्या यांच्यापुढे न ठेवता माझ्यापुढे ठेवल्या.

"सवडीने सांगा, वहिनी."

•

मग डबा उघडला. सकाळचं गार झालेलं जेवण. ते पहिला घास बराच वेळ चावत राहिले.

मी विचारलं नाही. विचारायची इच्छा होती, पण विचारलं नाही.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले. ताटाकडे बघून.

मी माझ्या ताटातला घास घेतला. मीठ अगदी बरोबर होतं.

"हो का?" मी म्हटलं. "उद्या बघते."

"उद्या पण कमी घालशील," ते म्हणाले, आणि माझ्या हातातली पाण्याची बाटली, टेंपोवाल्याची, ओढून घेतली. एक घोट घेतला. मला विचारलं, "हे?"

"गोड आहे," मी सांगितलं.

मग त्यांनी उरलेलं प्यायलं.

•

ताप उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तोंडाला चव आली का हे मी विचारण्याच्या आदल्या दिवशी, त्यांनी मऊ भाताचा घास खाली ठेवून मला विचारलं होतं, घरातलं मीठ संपलंय का, आणि मी म्हटलं होतं, "झालं, सुरू झालं."